'गर्भपात झाला' की 'करून घेतला'?

एका मैत्रिणीने विचारलंय: बहिणीबद्दल सांगताना 'गर्भपात झाला' म्हणावं की 'केला'? आणि 'भ्रूणहत्या' म्हणजे तेच का?

'पात' म्हणजे पडणं. जुन्या वैद्यकात चौथ्या महिन्यापर्यंत गर्भ गेला तर 'स्राव', पाचव्या-सहाव्यात गेला तर 'पात'. ठरवून केलेल्याला खरं तर 'गर्भपातन' म्हणायला हवं, पण तो शब्द पोथीतच राहिला. त्यामुळे सगळा भार क्रियापदावर येतो. आपोआप गेला तर 'झाला'. डॉक्टर 'करतात'. बाई 'करून घेते'. सासरच्यांनी ठरवलं असेल तर 'करायला लावला'. निर्णय कुणाचा, हे त्या एवढ्याशा शेपटात कळतं. लिहिताना ते गाळू नये असं मला फार वाटतं.

बोलताना मात्र बायका हा शब्दच टाळतात. माझी मावशी 'पिशवी धुऊन आले' म्हणायची. दोन मुलांवर पुन्हा दिवस गेलेले, काकांची नोकरी सुटलेली. शेजारणीला तिने पाळीचा त्रास सांगितला आणि दुसऱ्या दिवशी नळावर पाणी भरायला उभी राहिली. 'खाली केलं', 'क्युरेटिंग केलं' हेही त्यातलेच. 'पिशवी' म्हटलं की गर्भाचं नाव घ्यावं लागत नाही आणि पुढचे प्रश्नही येत नाहीत.

'भ्रूणहत्या' हा शब्द मात्र इथे वापरू नका. धर्मशास्त्राने तिला ब्रह्महत्येच्या पंक्तीला बसवलं होतं. तो पापाचा वास अजून गेलेला नाही. मुलगी नको म्हणून होणाऱ्या गर्भपाताविरुद्धच्या मोहिमांनी 'स्त्रीभ्रूणहत्या' घरोघरी नेला. पण १९९४च्या कायद्याच्या नावात 'लिंग निवड' आहे, 'हत्या' नाही. आणि १९७१च्या कायद्याने काही अटींवर गर्भपाताला परवानगी दिली आहे. २०२१च्या दुरुस्तीने ठरावीक स्त्रियांसाठी मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढली, २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितांनाही त्यात धरलं. सज्ञान बाईला तिची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही, दवाखाने मागतात. भिंतीवर 'हत्या' वाचून आत आलेली बाई ती सही का मागता, असं विचारायला धजत नाही. म्हणून त्या मोहिमांत 'लिंगनिवड' म्हणा, बहिणीबद्दल बोलताना 'गर्भपात'.

बहिणीने स्वतः ठरवलं असेल तर 'तिने गर्भपात करून घेतला' हे नेमकं मराठी. चारचौघांत सांगण्याआधी मात्र तिला विचारा. ती 'पिशवी धुतली' म्हणत असेल तर तुम्हीही तेच म्हणा.