उत्तर: व्यायामानंतर रात्री होणारी खा-खा

संध्याकाळी व्यायाम केला की तासभर भूकच लागत नाही आणि रात्री दहाला गोडाचा डबा रिकामा होतो, असं तुम्ही लिहिलंय. त्यातलं 'माझंच मन कमकुवत' हे वाक्य खोडून टाका. एका जिमच्या आहार सल्लागारांनी मलाही हेच ऐकवलं होतं, वर त्याचे पैसेही घेतले होते.

दमछाक करणारा व्यायाम झाला की भूक चाळवणारं घ्रेलिन काही वेळ खाली जातं आणि पोट भरल्याचा निरोप देणारी पीवायवाय, जीएलपी-१ ही संप्रेरकं वर जातात. पण हा सगळा तात्पुरता मामला. त्या भरवशावर जेवण अर्धं केलंत, तर शरीर राहिलेलं नंतर मागून घेतं. तेव्हा ते भाजी मागत नाही.

आमच्या सल्लागारांचं घोडं इथेच पेंड खात होतं. ट्रेडमिलच्या पडद्यावरचा आकडा त्या माझ्या तक्त्यात पेनाने लिहायच्या, रकान्याचं नाव 'कमावलेल्या कॅलरी'. रात्रीच्या जेवणाला कात्री आणि कमाईतून एक गोड पदार्थ बक्षीस! म्हणजे रोज घाम गाळून मी गोडाचीच वाट बघायला शिकत होते. शिवाय तो आकडाही बेभरवशाचा. दांडा धरून चाललं तर मेहनत कमी होते, यंत्राला त्याचा पत्ता नसतो. मनगटी पट्ट्यांचंही तेच: स्टॅनफर्डच्या २०१७ च्या चाचणीत सात उपकरणांपैकी सगळ्यात बऱ्या उपकरणाचाही कॅलरींचा अंदाज सरासरी २७ टक्के चुकला होता. वजन हललं नाही तेव्हा बाई म्हणाल्या, तुम्ही खाल्लेलं लपवताय. अजून आठवलं की डोकं फिरतं.

माझं मत, पटलं तर घ्या: पडद्यावर टॉवेल टाका. व्यायामानंतर तासा-दीड तासात, भूक नसली तरी, नीट जेवा आणि त्यात प्रथिनं असू द्या. तरीही तलफ आलीच तर पंधरा मिनिटं झपझप चालून या. चॉकलेटप्रेमींवरच्या प्रयोगांत एवढ्यानेही तलफ उतरलेली दिसली आहे. मात्र घड्याळात कॅलरी बघत चालू नका, नाहीतर पुन्हा 'कमाई' सुरू. आणि झोप किती होते तेही बघा; अपुऱ्या झोपेने खा-खा वाढते.

मी डॉक्टर नाही. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील आणि व्यायामानंतर हातपाय थरथरून घाम फुटत असेल, तर ती तलफ समजू नका. साखर उतरलेली असू शकते. तेव्हा आधी गोड खा, साखर तपासा आणि डोसबद्दल डॉक्टरांशी बोला.