गिधाडाला शिवी, खारीला वाटा

प्रश्न: ‘खारीचा वाटा’ कौतुकाचा आणि ‘गिधाड’ मात्र शिवीसारखं, असं का? ‘गिधाड’ हा शब्द ‘गिळणे’वरून आलाय का?

नाही. ‘गिळणे’त ‘ध’ कुठून आणणार? मूळ शब्द संस्कृत ‘गृध्र’. प्राकृतात त्याचा ‘गिद्ध’ झाला. वृश्चिकाचा विंचू किंवा शृंगाचं शिंग होताना ‘ऋ’ची जशी ‘इ’ झाली, तशीच इथेही. मागचं ‘-आड’ मराठीनं चिकटवलं, आणि त्यात थोडी तुच्छताही आली.

खरी गंमत धातूत आहे. ‘गृध्’ म्हणजे हाव धरणे. ईशोपनिषदाच्या पहिल्याच मंत्रात ‘मा गृधः कस्यस्विद्धनम्’ येतं, म्हणजे कुणाच्या धनाची हाव धरू नकोस. तिथलं ‘गृधः’ याच धातूचं! थोडक्यात, पक्ष्याचं नावच ‘हावरा’. एवढ्यावरून शिवी रास्त ठरवणारे पंडित आहेत. मला ते साफ अमान्य. नाव देणाऱ्यानं मढ्यावरची झुंबड पाहिली, इतकंच त्यातून कळतं. नाशिकजवळच्या अंजनेरीच्या कड्यांवर घरटी करणारं लांब चोचीचं गिधाड मेलेली जनावरं खातं. ‘गरिबांचे लचके तोडणारी गिधाडं’ असे मथळे देणारे लांडग्याचं काम गिधाडाच्या माथी मारतात. उलट आपणच गुरांना डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक टोचलं, ती मढी खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि थवेच्या थवे संपले. गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली ती २००६ साली.

नाशिककरांच्या तोंडी तर ही शिवी मुळीच शोभत नाही. सीतेसाठी रावणाशी झुंजणारा जटायू वाल्मीकींच्या अरण्यकांडात ‘गृध्रराज’ आहे, आणि तो जिथे पडला ते ठिकाण म्हणून इगतपुरी तालुक्यातल्या टाकेदला आजही लोक जातात. तरी चित्रांतून आणि फलकांवर त्याचा सर्रास गरुड करतात! जटायू अरुणाचा मुलगा. गरुड त्याचा चुलता.

सेतूला हातभार लावणारी खार मात्र वाल्मीकींकडे नाहीच. माझ्या मते ती दक्षिणेकडच्या रामकथांतून आपल्याकडे आली. रामानं पाठीवरून हात फिरवला आणि तीन बोटं उमटली, असं कथा सांगते. तीन पट्ट्यांची खार दक्षिणेची. उत्तरेकडच्या जातीला पाच पट्टे असतात.

आणि ‘खारीचा वाटा’ आपल्या स्वतःच्या मदतीबद्दल नम्रपणे म्हणायचा असतो. ‘साहेबांनी दहा लाखांचा खारीचा वाटा उचलला’ असं व्यासपीठावरून म्हणणारा देणगीदाराला चारचौघांत खुजं ठरवतो.