मुलगी बडोद्यात भूविज्ञान शिकते. तिला समुद्रावरच्या संशोधनात जाता येईल का?

नक्की येईल, ताई. समुद्र दूर असला तरी पावागडचा डोंगर आहे ना जवळ! तो ज्वालामुखीचा खडक साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. त्याच सुमारास सेशेल्स बेटांचा भूभाग भारतापासून तुटला आणि आपली पश्चिमेची खंडसीमा, म्हणजे खंडाची समुद्राखालची कड, घडली. गोष्ट एकच, तिचा पुढचा भाग पाण्याखाली आहे.

2015 मध्ये समुद्रतळ खोदणाऱ्या ‘जॉइडीस रेझोल्युशन’ या संशोधन जहाजाने अरबी समुद्रातल्या लक्ष्मी खोऱ्यात दोन ठिकाणी तळाखाली 1,100 मीटरपर्यंत खोदलं. आपले शास्त्रज्ञही त्यात होते. गाळाचा गाभा, म्हणजे खोदून काढलेला लांब दंडगोल, प्लास्टिकच्या नळीत वर येतो. दीड-दीड मीटरचे तुकडे करून ते उभे चिरतात. एक अर्धा जपून ठेवायचा, दुसऱ्यातून नमुने काढायचे. पाळी 12 तासांची, त्यात जहाज डोलत असतं. पण सिंधूने हिमालयातून वाहून आणलेली माती समोर उलगडलेली असते, आणि मधेच कोटभर वर्षांपूर्वी कोसळलेल्या अजस्र दरडीचा थर! माझ्या मते यासाठी मळमळ सोसावी.

एमएस्सी झाल्यावर गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत पीएचडीसाठी प्रयत्न करू दे. तोवर सूक्ष्मदर्शकाखाली फोरॅमिनिफेरा, म्हणजे समुद्रातले कवचवाले एकपेशीय जीव, ओळखायला शिकू दे. जहाजावर थराचं वय आधी अशाच बारीक कवचांवरून ठरवतात.