साडेतीन फुटांचं दुखणं

वाचकांचे प्रश्न : घर आणि जागा

प्रश्न : आम्ही अमेरिकेत, सेंट्रल न्यू जर्सीत राहतो, चार बेडरूमचं दुमजली घर आहे, पण बेडरूम सगळ्या वर. सासूबाई नाशिकहून आता कायमच्या इकडे यायच्यात, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, जिना अजिबात जमत नाही. म्हणून खाली बाजूला एक खोली आणि बाथरूम काढायचं ठरवलं. टाउनशिपने अर्ज नाकारला, कारण बाजूला १० फूट मोकळे हवेत आणि आमचे साडेसहाच उरतात. आता म्हणे झोनिंग बोर्डाकडे (बांधकामाच्या नियमांतून सूट द्यायची का ते ठरवणारं गावचं मंडळ) व्हेरिअन्स, म्हणजे तशी सूट, मागा, सुनावणी होईल. हे कोर्टासारखं असतं का? वकील लागेल का? सासूबाईंचे एक्स-रे, डॉक्टरांचं पत्र सगळं लावू का? पलीकडचे आजोबा आतापासूनच कुरकुर करताहेत. मिस्टर म्हणतात बोर्डावरचे एक गृहस्थ त्यांच्या टेनिस ग्रुपमध्ये आहेत, आधी त्यांच्याशी बोलून घेऊ.

उत्तर : ताई, शेवटापासून सुरू करतो. टेनिसवाल्या गृहस्थांशी या विषयावर एक अक्षर बोलू नका आणि मिस्टरांनाही बोलू देऊ नका. ओळख काढायची सवय आपल्या रक्तातच आहे, मी पण त्यातलाच, पण इथे बोर्डाला न्यायाधीशासारखं वागावं लागतं, जे काही ऐकायचं ते सुनावणीत, सगळ्यांसमोर, रेकॉर्डवर. बाहेर बोलणं झालं असेल तर त्या गृहस्थांना तुमच्या प्रकरणातून उठून बाजूला बसावं लागेल, म्हणजे होऊ शकणारं एक मत गेलं, आणि पुढे आजोबा कोर्टात गेले तर त्यांच्या हातात आयतं कोलीत.

बोर्ड म्हणजे कोण, तर गावातलेच सात रहिवासी, जोडीला काही पर्यायी सदस्य. दिवसभर आपापल्या नोकऱ्या करून संध्याकाळी सातला म्युनिसिपल बिल्डिंगमध्ये येऊन बसतात, बहुतेक ठिकाणी पगारबिगार काही नाही. आधी झेंड्याला सलाम, मग सभेची जाहीर सूचना वेळेत दिली होती असं एक वाक्य वाचतात, मग नंबर लागतो. तुम्हाला हात वर करून शपथ घ्यावी लागते, देवाची नको असेल तर नुसतं खरं बोलेन असं सांगून पण चालतं. तुमचे फोटो, नकाशे यांना ए-१, ए-२ असे नंबर पडतात. तेवढ्यापुरतं कोर्ट म्हणा, पण कुणी काळा कोट घालून ओरडत नाही, बोर्डाचा वकील तर बऱ्याचदा तुम्हालाच हळूच सांगतो की हा मुद्दा राहिला, तेवढं बोला. स्वतःच्या घरासाठी तुम्ही वकिलाशिवाय उभं राहू शकता. घर एलएलसीच्या (कंपनीच्या) नावावर असेल तर मात्र वकील लागतोच.

आता गुडघ्याचं. हे सांगताना मला वाईट वाटतं, पण एक्स-रे घरी ठेवा. न्यू जर्सीत हा सगळा कारभार १९७५ च्या म्युनिसिपल लँड यूज लॉ या कायद्याखाली चालतो आणि त्यात जी 'हार्डशिप' म्हटलीय ती माणसाची नव्हे, जमिनीची. जागा अरुंद आहे का, वेडीवाकडी आहे का, उतार आहे का, किंवा घर आधीच अशा जागी बांधलंय का की दुसरीकडे वाढवताच येत नाही. कारण साधं आहे, व्हेरिअन्स जमिनीला चिकटतो, तुम्ही घर विकून गेलात तरी तो तिथेच राहतो. सासूबाई काय जन्मभर त्या घराला पुरणार नाहीत (त्यांना हे वाचून दाखवू नका). कुणासाठी खोली हवी ते एका वाक्यात जरूर सांगा, बोर्डावर पण माणसंच असतात, पण सगळी केस त्यावर उभी केलीत तर त्यांना मनात असूनही हो म्हणता येत नाही, कारण ठरावात कारण काय लिहिणार? अपंगत्वाच्या आधारे फेअर हाउसिंगच्या केंद्रीय कायद्याखाली सवलत मागता येते, तो वेगळा रस्ता आहे आणि त्यावर जायचं असेल तर वकील कराच.

मग दाखवायचं काय, तर सर्व्हे, म्हणजे प्लॉटचा मोजणी नकाशा. घर घेताना क्लोजिंगच्या फायलीत मिळाला असेल तो काढा, जुना असेल तर नवीन करून घ्या, आणि तो टेबलावर पसरून नीट बघा की प्लॉट मागे निमुळता होतोय का, बिल्डरने घर मध्यावर न बांधता एका कडेला सरकवून बांधलंय का, मागून ड्रेनेजचा ईझमेंट (राखून ठेवलेली पट्टी, जिच्यावर बांधता येत नाही) जातोय का. कारण बोर्ड तुम्हाला एकच प्रश्न नक्की विचारणार, की खोली मागच्या बाजूला का नाही काढत? याचं उत्तर तयार नसेल तर बाकी काही उपयोग नाही. माझ्या मित्राच्या वेळी मी मागे बसलो होतो, तो म्हणाला मागे मुलांना खेळायला जागा हवी, आणि मला तिथेच कळलं की गेलं हे. पुढच्या महिन्यात तोच माणूस मागच्या उताराचे फोटो घेऊन आला, टेप लावून काढलेले, सहा फुटांत जमीन किती खाली जाते ते दिसत होतं, मागे बांधायचं तर केवढी रिटेनिंग वॉल (माती धरून ठेवणारी भिंत) घालावी लागेल ते आर्किटेक्टने सांगितलं. अर्ज तोच, घर तेच, दहा मिनिटांत मंजूर.

हार्डशिप म्हणजे जागा अगदी निकामी व्हायला हवी असंही नाही हं. १९९९ मध्ये न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टात लँग म्हणून एक खटला झाला, नॉर्थ कॉल्डवेलचा, ५० फूट रुंदीच्या प्लॉटवर पोहण्याचा तलाव हवा होता. बोर्डाने परवानगी दिली, शेजारी कोर्टात गेले, शेवटी सुप्रीम कोर्टाने बोर्डाचं बरोबर ठरवलं. तलाव काही कुणाची मूलभूत गरज नव्हे, पण जागेच्या अरुंदपणामुळे अडलंय हे पुरलं. ही झाली हार्डशिपची वाट. कायद्यातली दुसरी वाट म्हणजे सी-टू (पोटकलमाचं नाव), त्यात फायदे तोट्यांपेक्षा जास्त आहेत हे दाखवायचं, पण फायदे गल्लीचे, गावाचे, नुसते तुमचे नव्हेत. नुसत्या खोलीसाठी ही वाट जरा अवघड.

आणि दोन्ही वाटांना नकारात्मक कसोटी आहेच, म्हणजे याने लोकांचं फार नुकसान होत नाही आणि झोनिंगचा हेतू मोडत नाही हे दाखवायचं. १० फूट का ठेवलेत? उजेड, हवा, फायर ब्रिगेडला जागा, पाणी शेजाऱ्याकडे न जाणं. आपल्याकडे महाराष्ट्रात याला सामासिक अंतर म्हणतात, कल्पना तीच, फरक एवढाच की तिकडे सवलत द्यायची तर ती आयुक्तांच्या अधिकारात, फायलीवर, आणि शेजाऱ्याला कळतं ते जेसीबी आल्यावर. इथे शेजाऱ्याला पत्र पाठवून बोलवावं लागतं.

हेच पत्राचं काम सगळ्यात जास्त लोकांना बुडवतं म्हणून नीट वाचा. तुमच्या हद्दीपासून २०० फुटांच्या आत ज्यांच्या मालमत्ता आहेत त्या सगळ्यांना सुनावणीच्या किमान १० दिवस आधी सर्टिफाइड मेलने किंवा हातोहात नोटीस द्यायची, शिवाय जाहीर सूचना म्हणून प्रसिद्ध करायची. यादी टाउनशिपकडून घ्यायची, फी १० डॉलर किंवा नावामागे २५ सेंट, जे जास्त असेल ते. पोस्टाच्या पावत्या जपून ठेवा आणि प्रतिज्ञापत्राबरोबर जोडा. आजोबांनी पत्र घेतलं नाही तरी हरकत नाही, कायद्याने ते टपालात टाकलं की पोचलं. पण एक नाव राहिलं तर बोर्डाला तुमचं ऐकायचा अधिकारच राहत नाही, तसेच घरी परत. आमच्या ओळखीत एकांचं घर गावाच्या सीमेवर, रस्त्यापलीकडे दुसरी टाउनशिप, यांनी यादी आणली फक्त आपल्या गावाची. आर्किटेक्ट तासाच्या हिशोबाने येऊन बसलेला, बोर्डाच्या वकिलाने टॅक्स मॅप बघितला आणि विचारलं पलीकडच्यांचं काय. झालं. पुन्हा सगळी पत्रं, पुन्हा जाहीर सूचना, पुन्हा आर्किटेक्टचं बिल. घर काउंटी रोडवर असेल तर काउंटीच्या प्लॅनिंग बोर्डालाही कळवावं लागतं, ते पण लोक विसरतात. आणि नोटिशीचे ते १० दिवस, मी स्वतः तर त्याचे १४ धरतो.

मतांचं गणित : सेटबॅकला, म्हणजे हद्दीपासूनच्या अंतराच्या सवलतीला, हजर सदस्यांचं साधं बहुमत पुरतं, पण समसमान मतं पडली तर नकार. तुमच्या गावात एफएआर म्हणजे आपला एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधकाम चालतं ते), त्याची मर्यादा आहे का ते आधी बघून घ्या, कारण खोलीमुळे ती ओलांडली तर तो डी व्हेरिअन्स (जास्त कडक प्रकार) होतो आणि मग पाच मतं लागतात, हजर पाचच असले तरी पाच. अशा वेळी पुढची तारीख मागून घेण्यात काही लाज नाही.

आजोबांकडे मात्र आधी जा, नकाशा घेऊन, चहाला. बोर्डाच्या लोकांशी बोलायचं नाही, शेजाऱ्यांशी बोलायला कुणाची ना नाही. बऱ्याचदा त्यांचं दुखणं साडेतीन फुटांचं नसतंच, खिडकी त्यांच्या बेडरूमवर उघडते किंवा पागोळीचं पाणी त्यांच्या बेसमेंटकडे जाईल ही भीती असते. खिडकी वर घ्या, पन्हाळाचं पाणी ड्रायवेलमध्ये (पाणी मुरवायच्या खड्ड्यात) सोडा आणि हे सुनावणीत स्वतःहून सांगा, बोर्ड तसंही तीच अट घालणार. आणि अध्यक्षांनी विचारलं की साडेसहाचे आठ करता येतील का, तर लगेच नाही म्हणू नका, आर्किटेक्टकडे बघा, दीड फुटाने खोली लहान होईल पण वॉकर फिरेल का ते आधीच मोजून ठेवा.

प्रश्न : मागच्या अंगणात आम्ही चार वर्षांपूर्वी पॅटिओ (फरसबंदी) घातला, परमिट लागतं हे कॉन्ट्रॅक्टरने सांगितलंच नाही. आता घर विकायला काढलंय तर इम्पर्व्हियस कव्हरेज, म्हणजे पाणी न मुरणारी झाकलेली जागा, जास्त झालं म्हणून व्हेरिअन्स घ्या म्हणताहेत. १८,००० डॉलर खर्च झालेत, ते उखडायचं का? खर्च दाखवला तर बोर्ड ऐकेल ना?

उत्तर : खर्चाचं बोलूच नका. तुम्हीच घातलेला पॅटिओ, ती अडचण तुम्हीच ओढवून घेतलेली, ती हार्डशिपमध्ये बसत नाही. बोर्डाने तुमच्या अर्जाकडे पॅटिओ अजून झालाच नाहीये असं समजून बघायचं असतं, म्हणजे आधी केलं म्हणून शिक्षा नाही आणि आता झालंय तर राहू दे असंही नाही. सुनावणीत 'आम्हाला माहीत नव्हतं' हे एकदा, साधेपणाने सांगा आणि पुढे चला, कॉन्ट्रॅक्टरवर पाच मिनिटं बोलत बसणारे मी पाहिलेत, सदस्य घड्याळ बघायला लागतात.

इथे खरा प्रश्न पाण्याचा आहे. पावसाचं पाणी जमिनीत मुरायच्या ऐवजी वाहत जाऊन कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये शिरतं. तेव्हा इंजिनिअरकडून हिशोब करून घ्या, ड्रायवेल घालायची तयारी दाखवा, आणि थोडं काढता येतं का बघा, शेडखालचा जुना काँक्रीट, ड्राइव्हवेची रुंद केलेली पट्टी वगैरे. पेव्हर (फरसबंदीचे ठोकळे) आहेत म्हणजे पाणी मुरतं असं धरून चालू नका, बऱ्याच गावांत पेव्हरपण पूर्ण मोजतात. आणि बोर्डाच्या इंजिनिअरची फी तुमच्याच एस्क्रोमधून (आधी भरून ठेवलेल्या अनामत रकमेतून) जाते, तेव्हा त्यांनी पत्रात विचारलेल्या प्रत्येक मुद्द्याचं उत्तर सुनावणीआधी लेखी द्या, दोन वेळा विचारलं की दोन वेळा बिल.

प्रश्न : काल सर्टिफाइड मेलने कायदेशीर नोटीस आली, पोटात गोळाच आला. वाचलं तर शेजारी दुसरा मजला चढवताहेत आणि उंचीसाठी व्हेरिअन्स मागताहेत. आम्ही भाऊबंदकीत पडू इच्छित नाही, पण आमच्या किचनचा सगळा उजेड जाईल. गेलो नाही तर चालेल का, नुसतं पत्र पाठवतो.

उत्तर : घाबरू नका, हे समन्स नाही, तुम्ही २०० फुटांच्या आत आहात एवढाच त्याचा अर्थ. नाही गेलात तर दंडबिंड काही नाही. पण बोलायचं असेल तर जावंच लागेल, कारण पत्राला उलटप्रश्न विचारता येत नाहीत म्हणून बहुतेक बोर्डं पत्रं आणि सह्यांचे अर्ज पुराव्यात घेत नाहीत.

आधी बोर्डाच्या ऑफिसात जाऊन फाइल बघा, सुनावणीच्या १० दिवस आधीपासून नकाशे लोकांसाठी ठेवलेले असतात, उंची नेमकी किती मागितलीय ते त्यात आहे. मर्यादेपेक्षा १० फूट किंवा १० टक्क्यांहून जास्त असेल तर तो डी व्हेरिअन्स, म्हणजे पाच मतांचा. सुनावणीत आधी साक्षीदाराला फक्त प्रश्न विचारायची वेळ येते, तेव्हा भाषण सुरू केलंत तर अध्यक्ष थांबवतील, तुमचं म्हणणं नंतर, शपथेवर. 'आम्हाला विचारलं नाही', 'इतकी वर्षं शेजारी राहून' हे घरी बोलायचं. तिथे किचनच्या खिडकीतून सकाळी नऊला आणि दुपारी तीनला काढलेले फोटो दाखवा, मधलं अंतर सांगा, आणि छत उतरतं केलं तर किती फरक पडेल असं त्यांच्या आर्किटेक्टला विचारा. एवढं करूनही निर्णय पटला नाही तर त्याची जाहीर सूचना प्रसिद्ध झाल्यापासून ४५ दिवसांत सुपीरिअर कोर्टात जाता येतं. त्यांना मंजुरी मिळाल्यावर ४५ दिवसांच्या आत त्यांनी काम काढलं तर ती जोखीम त्यांची.