वाचकांचे प्रश्न : नायटा नेमका कशाला म्हणायचा?

प्रश्न : माझ्या आईच्या कमरेवर, परकराची नाडी बसते त्या जागी, आणि जांघांमध्ये सहा महिन्यांपासून खाजरे चट्टे आहेत. घरी आम्ही त्याला नायटा म्हणतो, बऱ्हाणपूरची मावशी दाद म्हणते. औषधाच्या दुकानातून आणलेल्या मलमाने आठवड्यात खाज थांबली, पण मलम बंद करताच चट्टे पोटापर्यंत पसरले. आता त्वचारोगतज्ज्ञांनी चिठ्ठीवर ‘टिनिया कॉर्पोरिस, टिनिया क्रुरिस’ असे लिहिले आहे. हे दोन आजार आहेत का? आणि नायटा तो हाच का?
– एक वाचक, यावल

उत्तर : आजार एकच आहे, बदलते ती फक्त जागा. टिनिया हा लॅटिन शब्द कापड कुरतडणाऱ्या किड्यासाठी होता. कॉर्पोरिस म्हणजे अंगाचा आणि क्रुरिस म्हणजे पायाचा, जो वैद्यकात जांघेच्या चट्ट्यांसाठी वापरतात. हाच आजार डोक्यावर झाला तर कॅपिटिस आणि पावलांना झाला तर पेडिस असे लिहितात. यात किडा मात्र कुठेच नसतो. त्वचेच्या वरच्या थरावर वाढणारी ही बुरशी आहे. कडा उठावदार आणि मधला भाग निवळलेला, असा तिचा चट्टा गोलाकार पसरत जातो. मराठीत त्याचे नेमके नाव गजकर्ण. मावशींचा दाद हा शब्द संस्कृत ‘दद्रु’पासून आला आहे आणि तोही अचूकच आहे.

अडचण आहे ती नायटा या शब्दाची. आपल्याकडे गजकर्णालाही नायटा म्हणतात आणि इसबालाही. इसब, म्हणजेच एक्झिमा, हा बुरशीचा आजार नसून त्वचेचा दाह आहे; एक्झिमा या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ ‘उकळून वर येणे’ असा असून, बारीक फोड येऊन त्यातून पाणी झिरपणारे ओले इसब ज्यांनी पाहिले आहे त्यांना तो लगेच पटेल. कपाशीच्या बांधावरचे गाजरगवत उपटणाऱ्या शेतकऱ्याच्या पापण्यांवर, मानेवर आणि कोपराच्या घडीत जी खाज आणि जाड, काळवंडलेली त्वचा दिसते, तेही स्पर्शातून झालेले इसबच असते. गावात मात्र त्यालाही नायटाच म्हणतात, आणि मग शेजाऱ्याला लागू पडलेले मलम आपणही लावतो.

येथे शब्दाची चूक थेट शरीरावर उमटते. इसबाचा दाह शमवण्यासाठी स्टेरॉइडचे मलम दिले जाते. तेच मलम गजकर्णावर लावले, तर लाली आणि खाज काही दिवस दबते, पण त्या जागेची प्रतिकारशक्तीही दबते आणि बुरशीला मोकळे रान मिळते. चट्ट्याची ओळखीची कड पुसट होते, त्यामुळे पुढे डॉक्टरांनाही निदान अवघड जाते. आपल्या आईंच्या बाबतीत बहुधा हेच घडले असावे. 2018 साली केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, तरीही ती सर्रास हाती पडतात, याचे मला फार वाईट वाटते. शंका असेल तेव्हा कडेचा कोंडा खरवडून, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो आणि बुरशीचे तंतू तिथल्या तिथे दिसतात.

आईंचे औषध खाज थांबल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस चालू ठेवा. त्यांचा टॉवेल वेगळा असावा, परकर नाडीसकट कडक उन्हात वाळवावा आणि घरात आणखी कोणाला चट्टे असतील तर त्यांचेही उपचार याच वेळी करावेत.

प्रश्न : आमच्या शाळेतील तिसरीच्या एका मुलाच्या दंडावर फिकट डाग आहे. पालक ‘कोड’ म्हणून तो झाकून ठेवतात, तर आरोग्यसेविका कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या म्हणतात. एका वैद्यांनी ‘हे कुष्ठच’ असे सांगितल्याने घरात रडारड झाली.
– एक शिक्षिका, शहादा

उत्तर : वैद्यांच्या तोंडचे कुष्ठ आणि आरोग्य केंद्रातील कुष्ठरोग हे समान अर्थाचे शब्द नाहीत. चरकसंहितेत कुष्ठाचे 18 प्रकार सांगितले आहेत, 7 महाकुष्ठे आणि 11 क्षुद्रकुष्ठे, आणि त्यांत दद्रु, म्हणजे आधीच्या उत्तरातले गजकर्णही आहे. आजचा कुष्ठरोग मात्र एका विशिष्ट जंतूमुळे होतो, जो नॉर्वेतील हॅन्सेन यांनी 1873 मध्ये शोधला. त्याचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो, खाजत नाही आणि बहुधा बधिर असतो. कोडाचा डाग खडूसारखा पांढराशुभ्र असतो, तेथे स्पर्श पूर्ण कळतो आणि तो कोणाच्याही संसर्गाने होत नाही. शिबं हा तिसरा प्रकार. त्यावर बारीक कोंडा असतो आणि तीही बुरशीच.

आरोग्यसेविकांचा सल्ला योग्य आहे, तो पाळा. कुष्ठरोग निघालाच तरी सरकारी केंद्रात औषधे मोफत मिळतात, 6 किंवा 12 महिन्यांत उपचार पूर्ण होतात आणि वेळेवर औषध सुरू झाले तर व्यंग टळते. मुलाला शाळेतून काढण्याचे काहीच कारण नाही.

प्रश्न : मी परिचारिकेचे शिक्षण घेते. मॅक्यूल, पॅप्यूल, व्हेसिकल यांना मराठीत काय म्हणावे?
– एक विद्यार्थिनी, धुळे

उत्तर : संस्कृत प्रतिशब्द पाठ करू नका, रुग्ण जे बोलतो तेच पुरेसे नेमके आहे. हाताला न लागणारा तो डाग (मॅक्यूल), हाताला लागणारी भरीव ती पुटकुळी (पॅप्यूल), पाणी भरलेला तो फोड (व्हेसिकल) आणि पू भरलेली ती पुळी. अंगावर उठून काही तासांत विरणाऱ्या त्या गांधी. नोंदवहीत इंग्रजी नाव लिहा, पण रुग्णाला विचारताना हेच शब्द वापरा, म्हणजे उत्तरही नेमके मिळेल.