मस्कतला येताय, तर मत्रा पायी बघा

तुम्ही लिहिलंय की जानेवारीत मस्कतला नोकरीवर रुजू होताय, पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी दोन महिन्यांनी येणार आहेत. दोन प्रश्न विचारलेत. मस्कतच्या मत्रा भागातल्या जुन्या वस्तीत घर घ्यावं का, कारण फोटोत ती फार सुंदर दिसते. आणि जुनं शहर बघायला एक दिवस पुरेल का. मी चौदा वर्षं मस्कतमध्ये आहे, त्यातली पहिली तीन रुवीत, मत्रापासून अगदी जवळ काढली. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

घर मत्रात घेऊ नका. मुलगी लहान आहे, शाळा बघावी लागेल, आणि भारतीय शाळा दारसैतला आहे, वादी कबीरला आहे. रुवी, दारसैत, वादी कबीर या पट्ट्यात आपली माणसं, आपला किराणा, डॉक्टर सगळं हाताशी मिळतं. मत्राच्या आतल्या गल्ल्यांत गाडी लावायला जागा नसते. शिवाय पाऊस. इथे वर्षातून मोजके दिवस पडतो, पण बाजार वादीच्या तोंडाशी वसलाय. वादी म्हणजे कोरडा ओढा, डोंगरात पाऊस झाला की घटकाभरात भरून वाहणारा. एकदा मी बाजारात असतानाच वरून पाणी आलं. दुकानदारांनी कापडाचे तागे वरच्या फळ्यांवर चढवले, उंबऱ्यापाशी लाकडी फळ्या आडव्या लावल्या, आणि मला हाताला धरून एका जिन्यावर उभं केलं. पाऊण तास गुडघाभर गढूळ पाणी गल्लीतून समुद्राकडे वाहत होतं. त्यांना सवय होती, माझे पाय लटपटत होते. आभाळ भरलेलं दिसलं तर त्या दिवशी मत्राला जाऊच नका.

पण दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर अगदी उलट आहे. एक दिवस पुरत नाही. कुटुंब येईपर्यंतचे ते दोन महिने तुम्ही एकटे असाल, संध्याकाळी खोली खायला उठेल. तेव्हा दर सुट्टीला मत्रा गाठा. सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते. दुपारी साधारण एक ते चार दुकानं बंद, शुक्रवारी तर सकाळीही बंद, हे आधी लक्षात ठेवा. मला कोणी सांगितलं नव्हतं. जुलैमध्ये भर दुपारी दोनला सासूबाईंना घेऊन गेले, सगळी शटरं खाली, त्यांना चक्कर आली. एक म्हातारे ओमानी गृहस्थ घरातून पाणी आणि खजूर घेऊन आले आणि स्वच्छ हिंदीत म्हणाले, "बैठो अम्मा, पहले खजूर खाओ." त्यांचं हिंदी ऐकून आम्ही चकित झालो. आता नवल वाटत नाही.

कारण या गावाचा आपल्याकडच्या किनाऱ्याशी व्यवहार फार जुना आहे. १९७० साली सुलतान काबूस गादीवर आले, त्या सुमारास इथे रियाल सुरू झाला. त्याआधी बाजारात रुपया चालायचा. १९५९ पासून तर रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटाच काढल्या होत्या. आजही एका रियालचे हजार बैसा होतात, आणि बैसा म्हणजे आपला पैसाच.

मत्राला समुद्राकाठच्या रस्त्यावर उतरलात की नक्षीदार सज्जांच्या पांढऱ्या घरांची रांग दिसेल. त्यांच्या पाठीमागे तटबंदीतला मोहल्ला आहे, सूर अल लवातिया. इथली लवाती भाषा सिंधी-कच्छीच्या कुळातली. पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करणारी ही मंडळी आता अस्सल ओमानी आहेत. दरवाजातून आत डोकावावंसं वाटेल, पण ती राहती घरं आहेत, बाहेरच्यांनी आत यावं हे त्यांना आवडत नाही. बाहेरूनच बघा, कॅमेरा खिशात ठेवा.

बाजाराचं जुनं नाव सूक अल धलाम, अंधाराचा बाजार. गल्ल्या इतक्या अरुंद की ऊन आत शिरत नसे. पुढच्या भागात शाली, चुंबकं, उंटाची खेळणी असतात, त्यातला बराच माल भारतातूनच आलेला. तिथे थांबू नका, आत आत जा. आत मसाले, कापड, चांदी, आणि इथले पुरुष घालतात ती भरतकामाची टोपी, कुम्मा. कुम्मा घेणार असाल तर उजेडासमोर धरून बघा. नक्षीत शेकडो बारीक छिद्रं असतात. हातकामाच्या टोपीत प्रत्येक छिद्राच्या कडेला काजासारखा टाका घातलेला असतो आणि कुठे ना कुठे एखादं छिद्र किंचित तिरकं येतं. मशीनवरची सगळी एकसारखी. हाताच्या टोपीला महिने लागतात, म्हणून तिथे फार घासाघीस करू नये असं मला वाटतं.

लुबान घ्यायला गेलात की एक घोटाळा होईल. आपण धुपाटण्यात घालतो तो ऊद वेगळा. इथे ऊद म्हटलं की अगरूचं महागडं लाकूड पुढे येतं. तुम्हाला हवा तो लुबान, दक्षिण ओमानमधल्या धोफारच्या झाडांचा सुगंधी डिंक. हिरवट झाक असलेले स्वच्छ खडे चांगले, त्यांना होजरी म्हणतात. पिवळे-तपकिरी स्वस्त, रोज घरात जाळायला तेच पुरतात.

मत्रापासून जुनं मस्कत समुद्राकाठाने तीनेक किलोमीटर. थंडीच्या दिवसांत चालत जा. पायांत जोर असेल तर रियाम बागेमागून डोंगरातली जुनी पायवाट मत्रात उतरते, तिला सी-३८ म्हणतात. दगडांवर पट्टे रंगवलेले आहेत, ते धरून चालायचं, दीड-दोन तास लागतात. एकट्याने आणि उन्हात नको. जुन्या मस्कतला पूर्वी तट आणि दरवाजे होते, १९७० पर्यंत सूर्यास्तानंतर तीन तासांनी ते बंद होत आणि पुढे गावात फिरायचं तर हातात कंदील लागे. आता तिथे अल आलम राजवाडा, सरकारी कचेऱ्या आणि २०१६ मध्ये उघडलेलं राष्ट्रीय संग्रहालय. संग्रहालयाला निवांत अर्धा दिवस द्या.

राजवाड्याच्या दोन्ही बाजूंना समुद्रावर झुकलेले किल्ले आहेत, जलाली आणि मिरानी. वसई किंवा कोर्लई पाहिली असेल तर ओळख पटेल, बांधणारे तेच. पोर्तुगीजांनी १५०७ मध्ये मस्कत घेतलं, कारभार पुढे गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली चाले. १६५० मध्ये इमाम सुलतान बिन सैफने त्यांना हाकललं. चिमाजी आप्पांनी वसई घेतली त्याच्या ८९ वर्षं आधी. ओमानी इतिहासकार इब्न रुझैक मस्कतच्या या विजयाची हकीकत सांगतो. मस्कतमध्ये नरोत्तम नावाचा एक हिंदू व्यापारी होता. पोर्तुगीज अधिकाऱ्याने त्याच्या मुलीला मागणी घातली, नकार दिल्यावर धमकावलं. नरोत्तमने लग्नाची मुदत मागून घेतली, आणि दरम्यान त्याला पटवलं की किल्ल्यातलं पाणी शिळं झालंय, धान्य जुनं आहे, तोफांची दारू पुन्हा कुटायला हवी. सगळं बाहेर काढवलं आणि इमामाला निरोप धाडला. बखरीतली गोष्ट, तिचा शब्द न्‌ शब्द खरा असेलच असं नाही. पण ओमानी लोकांनी आपल्या विजयाच्या कहाणीत एका हिंदू बापाला जागा दिली, ती जपली, हे मला फार मोलाचं वाटतं. ही गोष्ट मी मुलांना त्या किल्ल्यासमोर उभं करून सांगितली होती. तुम्हीही मुलीला तिथेच सांगा.

राजवाड्याच्या जवळच मोतीश्वराचं शिवमंदिर आहे. महाशिवरात्रीला हजारोंची रांग लागते. तुम्ही जानेवारीत येताय, म्हणजे हा सण लवकरच येईल. पहाटे लवकर जा. गाभाऱ्यासमोर उभं राहिल्यावर मला पहिल्या वर्षी जे रडू आलं, ते थांबवायचा प्रयत्न मी केला नव्हता.

मासे खात असाल तर सकाळी मत्राचा मासळी बाजार चुकवू नका. तारली, बांगडा, कुपा, सगळी ओळखीची तोंडं. सुरमई भरपूर, पण १५ ऑगस्टपासून दोन महिने तिच्या मासेमारीला बंदी असते. साफ करून तुकडे करणारे कामगार बाजूलाच बसतात. कालवणाचे की तळायचे, ते आधी सांगा.

कपड्यांचं म्हणाल तर खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांचेही. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. रमजानमध्ये दिवसा रस्त्यावर पाणीसुद्धा पिऊ नका, पण रात्री बाजारात जरूर जा, तेव्हा सगळं गाव बाहेर असतं.

पत्नी-मुलगी आल्या की पहिल्या संध्याकाळी त्यांना हलव्याच्या दुकानात न्या. खळ, साखर, तूप, केशर, वेलची आणि गुलाबपाणी तांब्याच्या मोठ्या कढईत तासन्‌तास ढवळतात. चव बघायला चमचाभर हातावर देतात, ते कोमट असतानाच खायचं. सोबत कडू कहावा, म्हणजे इथली कॉफी. मुलीला कहावा आवडणार नाही, तिच्यासाठी खजूर मागून घ्या.