'सुधारित' झिंगाबीज म्हणजे जनुकं बदललेलं बीज का?

उमरेडकडच्या तुमच्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, गोड्या पाण्यातला झिंगा सोडायचा आहे आणि विक्रेता 'सुधारित जातीचं बीज' (म्हणजे सोडायची लहान पिल्लं) म्हणून जास्त भाव सांगतोय. हे जनुकं बदललेलं आहे का आणि पैसे द्यावेत का, असं तुम्ही विचारलंय. मी नागपुरातच मत्स्यविज्ञान शिकलो, विदर्भातल्या मत्स्यशेतकऱ्यांसोबतच काम करतो.

जनुकांत बाहेरून काहीही घातलेलं नसतं. चांगल्या गायीची कालवड राखतात तशीच ही निवड, फक्त वंशावळीची नोंद काटेकोर. भुवनेश्वरच्या 'सिफा' या गोड्या पाण्यातल्या मत्स्यपालनाच्या संशोधन संस्थेने 2007 मध्ये हे काम हाती घेतलं. गुजरात, केरळ आणि ओडिशातले झिंगे आणून त्यांचा आपसात संकर केला. प्रत्येक जोडीची पिल्लं वेगळी वाढवतात, जरा मोठी झाली की शेपटीच्या पारदर्शक मांसात रंगीत ठिपका टोचतात. मग सगळी घराणी एकाच तळ्यात. काढणीला ठिपक्यावरून घराणं ओळखायचं, वजन मांडायचं आणि सरस घराण्यांतून पुढचे आई-बाप निवडायचे. सख्ख्या भावंडांची जोडी मात्र लावायची नाही.

आता बिनसुधारित बीज कुठून येतं ते बघा, खरी गोम तिथेच आहे. शेतकरी मोठे झिंगे आधी विकतो. तळ्यात शेवटी उरतात त्या लवकर वयात आलेल्या, पोटाखाली नारिंगी अंड्यांचा घोस धरलेल्या लहान माद्या. काही हॅचऱ्या, म्हणजे बीज तयार करणारी केंद्रं, त्याच उचलतात. म्हणजे नकळत, पिढ्यान्‌पिढ्या, हळू वाढणाऱ्यांचीच निवड होत राहते, वर नात्यातलं प्रजनन. त्यामुळे चांगल्या बीजाला दोन पैसे जास्त देणं मला पटतं.

पण नुसत्या 'सुधारित' शब्दाला देऊ नका. जनक झिंगे कोणत्या संस्थेकडून, कोणत्या वर्षी आणले, ते विचारा आणि कागद बघा. शेपटीचं मांस दुधासारखं पांढरं पडलेली पिल्लं दिसली तर तो लॉट घेऊच नका, तो विषाणूचा रोग असू शकतो. फक्त नर असलेलं बीजही कुठेकुठे मिळतं, नर जास्त वाढतात म्हणून. पण पहिल्या वर्षी त्याच्या मागे लागू नका.

आपल्याच झिंग्यांपासून बीज करू, असा विचार असेल तर सोडा. अंडी पिकून करडी झाली की निघणाऱ्या अळ्यांना महिनाभर मचूळ पाणी लागतं, साधारण 12 ग्रॅम मीठ दर लिटरला. नागपुरात हे खर्चिक आहे. आणि मोजक्या माद्यांवर चालवलंत तर दोन-तीन पिढ्यांत सुधारणा विरून जाईल.

बीज जून-जुलैत सोडा, काढणी नोव्हेंबरअखेर उरका. आपल्याकडच्या डिसेंबरच्या थंडीत झिंगा खाणं सोडतो, पाणी फार गार झालं तर मरतोही. कितीही चांगल्या घराण्याचा असला तरी.